ट्रेडमिलमधली 'मिल'

ट्रेडमिल या शब्दात 'मिल' कुठून आली, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? मला पडला तो भाच्यामुळे. त्याला घरी पळण्यासाठी ट्रेडमिल घ्यायची आहे, बजेट पन्नास हजारांच्या आतलं. नातेवाइकांत यंत्रातलं कळणारा माणूस म्हणून त्याने मला फोन केला. (बत्तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्स केल्याचे हे भोग!) "मामा, कुठली टिकेल तेवढं सांग," एवढंच त्याचं म्हणणं. मी आपला नेहमीप्रमाणे मूळ शोधत दोनशे वर्षं मागे गेलो. फोनवर हे सगळं ऐकवलं असतं तर त्याने फोन ठेवला असता, म्हणून इथे लिहितोय.

तर, ही 'मिल' म्हणजे खरोखरची गिरणी. इंग्लंडात विल्यम क्युबिट नावाचा एक इंजिनियर होता. मूळचा पवनचक्क्यांमधला माणूस. १८०७ साली त्याने पवनचक्कीच्या पात्यांचं पेटंट घेतलं होतं, वारा कमीजास्त झाला की आपोआप जुळवून घेणारी पाती. या गृहस्थाने तुरुंगात कैदी नुसते बसून असलेले पाहिले आणि १८१८ च्या सुमारास त्यांच्यासाठी एक चक्र बनवलं. आडवा लांबलचक पिंप, त्याच्या अंगावर पायऱ्या, वर धरायला दांडा. कैद्यांनी ओळीने उभं राहून चढत राहायचं. पायाखालची पायरी खाली जाते, की पुढची हजर. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात १८२१ साली असं मोठं चक्र बसलं आणि त्यावर धान्य दळलं जाऊ लागलं. पायाने तुडवायची गिरणी, म्हणून ट्रेडमिल.

ब्रिक्स्टनच्या चक्राला २४ पायऱ्या होत्या, दोन पायऱ्यांत साधारण ८ इंच अंतर, मिनिटाला दोन फेरे. म्हणजे मिनिटाला ३२ फूट चढण. तीन तास चढलं तर ५७६० फूट. आपलं कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून ५४०० फुटांवर आहे, म्हणजे माणूस समुद्रकिनाऱ्यावरून निघून कळसूबाईच्या वर गेला, आणि तरी भिंतीसमोर जिथल्या तिथे! शिवाय तीन तास हा मी हिशेबासाठी धरलेला आकडा, कैद्यांना याहून जास्त वेळही चढावं लागे.

पुढे पुढे तर बऱ्याच ठिकाणी दळायलाही काही नसे. चक्र नुसतंच फिरायचं. काही तुरुंगांत छपरावर मोठी पाती बसवली होती, ती हवा कापत आणि त्या अवरोधाने चक्राचा वेग आवरला जाई. लोक त्याला वारा दळणं म्हणत. पवनचक्कीवाल्या क्युबिटच्या यंत्राची ही गत गमतीशीर म्हणावी की भीषण, ते तुम्हीच ठरवा. १८९५ साली ऑस्कर वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली, तेव्हा पेंटनव्हिलच्या तुरुंगात त्याच्याही वाट्याला हे चक्र आलं. शेवटी १८९८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये ही शिक्षा मोडीत निघाली. 'माझी जन्मठेप' वाचलेल्यांना इथे अंदमानातला कोलू आठवला असेल. तिथे दिवसाला ३० पौंड खोबरेल गाळायचं असे. निदान तेल तरी निघत होतं, असं म्हणायचीही सोय नाही, कारण हेतू तेलाचा नव्हताच, माणूस मोडण्याचा होता.

मेंटेनन्सवाल्याच्या नजरेने पाहिलं तर क्युबिटच्या यंत्रात एक गोष्ट ध्यानात येते. त्याला मोटर नव्हती. माणूस यंत्राला फिरवत होता. आज आपल्या घरात येते ती नेमकी उलटी: यंत्र पट्टा फिरवतं आणि माणूस त्यावर स्वतःला सांभाळतो. हा उलटफेर सहज झाला नाही. अमेरिकेत १९१३ साली पट्ट्यावर पळायच्या एका सराव-यंत्राला पेटंट मिळालं खरं, पण त्याने घराघरात काही फरक पडला नाही. ट्रेडमिलला अब्रू मिळवून दिली ती डॉक्टरांनी.

पूर्वी हृदयाची चाचणी म्हणजे दोन पायऱ्यांचा एक छोटा जिना. १९२९ पासून आर्थर मास्टर यांची ही पद्धत चालत आली होती. रोग्याने ठरावीक वेळा चढायचं-उतरायचं आणि थांबल्यावर तपासायचं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट ब्रूस यांना हे अपुरं वाटलं. मोटार थांबवून, इंजिन गार झाल्यावर त्याचा आवाज ऐकण्यासारखंच हे! त्यांनी माणसाला तारा जोडून ट्रेडमिलवर चालवलं आणि चालता चालताच कार्डिओग्राम घेतला. १९६३ साली त्यांची टप्प्याटप्प्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तीन-तीन मिनिटांचे टप्पे, पहिला ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किलोमीटर आणि १२ टक्के चढ, असं वाढत जायचं. आज आपल्याकडे जी 'टीएमटी' किंवा 'स्ट्रेस टेस्ट' करायला सांगतात, ती बहुतेक ठिकाणी हीच.

आमच्या घरात ही तीन अक्षरं उच्चारली की सगळे जरा गप्प होतात. मेव्हण्यांना डॉक्टरांनी टीएमटी सांगितली होती, तारीखही ठरली होती. त्या तारखेच्या चार दिवस आधी ते गेले. वय ५१. भाचा तेव्हा कॉलेजात होता, आता ३९ चा आहे. त्यामुळे तो "ट्रेडमिल घेऊ का" म्हणतो तेव्हा ती जिमची हौस नसते हे आम्हा सगळ्यांना कळतं. (आधी स्वतःची टीएमटी करून घे, मग पळ, ही अट त्याच्या आईने घातली आणि त्याने पाळलीही. रिपोर्ट चांगला आहे, ताईच्या माहेरच्यांनी काळजी करू नये.) आठवड्यातून चार दिवस अर्धा तास पळायचं त्याने ठरवलंय. ऑफिसातून यायला रात्रीचे नऊ, बाहेर रस्ता असा की चालणंही मुश्किल, वर चार महिने पाऊस. त्याला वस्तू घ्यायची ती एकदाच, हप्त्यावर.

घरातली ट्रेडमिल जन्मली तीसुद्धा अशाच माणसासाठी. १९६८ साली अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' हे पुस्तक आलं. न्यू जर्सीतल्या विल्यम स्टॉब नावाच्या मेकॅनिकल इंजिनियरने ते वाचलं. आठवड्यातून चार-पाच वेळा आठ मिनिटांत मैलभर पळता आलं की तब्येत राखता येईल, हा हिशेब त्याला पटला. पण थंडीपावसात हे घरात का करता येऊ नये? त्याने यंत्र बनवलं आणि कूपरांना दाखवलं, त्यांनी उचलून धरलं. त्याचं 'पेसमास्टर ६००' असं होतं: पोलादी रोलरांची ओळच्या ओळ, एकूण ४०, आणि वर नारिंगी पट्टा. स्टॉब २०१२ साली वारला, तेव्हा ९६ वर्षांचा होता. यंत्राची जाहिरात म्हणून याहून चांगलं काय सांगणार :)

आठ मिनिटांत मैल म्हणजे ताशी १२ किलोमीटर. म्हणजे घरगुती ट्रेडमिलची कल्पनाच मुळात *पळण्याची* होती. आज त्याच नावाखाली ताशी सहा किलोमीटरच्या वर न जाणारे, पलंगाखाली सरकणारे चालायचे पट्टेही विकले जातात. चालायला ठीक. पळणाऱ्याने त्यांच्याकडे बघूही नये.

स्टॉबचे चाळीस रोलर पुढे गेले. घरगुती यंत्रात आता पुढे एक, मागे एक असे दोनच रोलर आणि मध्ये गुळगुळीत फळी, तिच्यावरून पट्टा घसरतो. यंत्र हलकं झालं, स्वस्त झालं, आणि नेमक्या याच ठिकाणी आजचं सगळं दुखणं आहे. तुमचं पाऊल पडलं की पट्टा फळीवर दाबला जातो आणि मोटरला तो त्या दाबाखालून ओढावा लागतो. म्हणजे मोटरचं मुख्य काम पट्टा फिरवणं नसून हे घर्षण ओढणं आहे. फळी कोरडी पडून घर्षण दुप्पट झालं की मोटरवरचा भारही जवळपास दुप्पट. मोटर जास्त करंट खेचते, कंट्रोलरचं कार्ड तापतं, आणि एक दिवस पट्टा चालेनासा होतो. मग लोक म्हणतात, "कंपनीनं फसवलं". पुष्कळदा फसवलेलं असतं ते दहा मिली सिलिकॉन तेलानं! (सिलिकॉनच. खोबरेल नको, शिलाई मशिनचं तेलही नको, पट्ट्याचं वाटोळं होतं.)

आता जाहिरातीतल्या 'सहा एचपी पीक'बद्दल. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. सहा एचपी म्हणजे ४४७६ वॅट, २३० व्होल्टवर साडेएकोणीस अँपिअर. घरातला मोठा पॉवर प्लग १६ अँपिअरचा. म्हणजे जी ताकद त्या प्लगमधून सतत बाहेर येऊच शकत नाही, ती खोक्यावर छापलेली! पीक म्हणजे क्षणभराची उसळी. विचारायचा आकडा सतत चालण्याचा, कंटिन्युअस. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला नियमित पळायला अडीच ते तीन एचपी कंटिन्युअस बरी. हा आकडा विक्रेता सांगत नसेल तर पुढच्या दुकानात जावं. आणि यंत्र जोडायचं ते १६ अँपिअरच्या पॉइंटलाच, अर्थिंग तपासून. टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर नाही.

आणखी एक हिशेब मी भाच्याला करून दिला. पळताना मिनिटाला साधारण १६० पावलं पडतात. अर्ध्या तासाची ४८००. आठवड्याला चार दिवस, वर्षाचे ५२ आठवडे: जवळजवळ दहा लाख पावलं. पळताना प्रत्येक पावलाचा दणका वजनाच्या दोन-अडीच पट असतो. दर वर्षी दहा लाख दणके खाणारी फ्रेम कशी हवी? जड हवी. स्पेसिफिकेशनमध्ये सगळ्यात कमी वाचलं जाणारं आणि माझ्या मते सगळ्यात खरं बोलणारं कलम म्हणजे यंत्राचं स्वतःचं वजन. उभे दांडे धरून हलवून बघावं, पट्ट्यावर उडी मारून बघावी. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. कमाल वजनाची मर्यादा आपल्या वजनापेक्षा पंचवीस-तीस किलो जास्त असावी.

रोलर हा तर माझ्या आवडीचा विषय, कारण ट्रेडमिल म्हणजे एक छोटा कन्व्हेयरच. ताशी दहा किलोमीटरला ४२ मिलिमीटरचा रोलर मिनिटाला साडेबाराशेच्या वर फेरे घेतो, ६० मिलिमीटरचा नऊशेच्या आत. लहान रोलरचं बेअरिंग जास्त फिरणार, पट्टाही जास्त तीव्र वळणार, तडकणार. रोलर जाड घ्यावा. पट्ट्याची लांबी पळणाऱ्याला १३० सेंटिमीटरपेक्षा कमी नको. भाचा पाच फूट दहा इंच, त्याला १४० ची शोध म्हटलंय.

पन्नास हजारांत नव्या यंत्रात हे सगळं मिळणं कठीण आहे, म्हणून कशावर पाणी सोडायचं ते ठरवावं लागतं. मोठा स्क्रीन, स्पीकर, मसाजर, मोटरवर चालणारा चढ हे सगळं सोडावं. चढ हाताने खुंटी बदलून करता येतो. 'मोटरला आजीवन वॉरंटी' या पाटीलाही फार भुलू नये. आधी जातं ते कार्ड. त्याची वॉरंटी किती, आणि ते आपल्या गावात मिळतं का, हे लेखी विचारावं.

मी स्वतः त्याला वापरलेलं यंत्र बघायला सांगितलंय. नवीन हलक्यापेक्षा जुनं जड बरं. सुदैवाने आपल्या लोकांनी ट्रेडमिलला टॉवेल वाळत घालायचा दांडा म्हणून इतकं प्रेमाने वापरलेलं असतं की पाच वर्षांच्या यंत्रावर महिनाभराचीही धाव झालेली नसते. बघायला जाताना पळायचे बूट घालून जावं आणि वीस मिनिटं सलग पळावं. नंतर मोटरच्या झाकणाला हात लावावा, जळका वास येतो का पाहावं, पट्टा एका बाजूला सरकतोय का पाहावं. मग प्लग काढून पट्ट्याची कड उचलून खाली हात घालावा. फळी गुळगुळीत आणि किंचित तेलकट लागली तर उत्तम. पाऊल पडतं त्या जागी खडबडीत लागली तर किंमत पाडून मागावी, आणि फळी दोन्ही बाजूंनी गुळगुळीत केलेली आहे का ते विचारावं. काही यंत्रांत ती उलटी करून बसवता येते, म्हणजे फक्त पट्ट्याचे पैसे जातात.