बंदर नसलेला किनारा

आइसलँडला जाऊन आलेल्या कुठल्याही माणसाचे फोटो बघा, त्यातला एक दिवस ठरलेला असतो. आधी एका धबधब्याच्या मागे उभं राहून काढलेला ओलाचिंब फोटो, मग दुसऱ्या धबधब्यासमोर इंद्रधनुष्य, मग हेल्मेट घालून हिमनदीपाशी, आणि शेवटी काळ्या वाळूवर, केस विस्कटलेले, नाक लाल. ह्याला म्हणतात 'साउथ कोस्ट डे टूर'. सकाळी रेकयाविकहून बस निघते, पावणेदोनशे-एकशेनव्वद किलोमीटरवरच्या विक गावापर्यंत जाते आणि जेवायच्या वेळेला परत आणून सोडते. सप्टेंबर २०१८ मधे अस्मादिक आणि सौ. ह्याच बसमधे होतो.

आमचा गाईड पोरगा हुशार होता, पण दिवसभरात त्याने 'अनटच्ड नेचर' हा शब्द निदान वीस वेळा वापरला असेल. म्हणजे माणसाचा हात न लागलेला निसर्ग. आता ह्या किनाऱ्यावर अकराशे वर्षं माणसं शेती करतायत, मासे मारतायत आणि बुडून मरतायत. तेव्हा हात लागला नाही म्हणणं जरा जास्तच झालं. खरी गंमत अशी, की धबधबा, हिमनदी आणि काळी वाळू ह्या ज्या तीन गोष्टी बघायला आपण पैसे मोजतो, त्या तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच. ते एकच यंत्र आहे, आणि त्याच यंत्रानं इथल्या माणसाला शतकानुशतकं बंदर मिळू दिलं नाही की धड रस्ता.

पहिला धबधबा सेल्यालान्द्सफॉस. साठ मीटरवरून पाणी पडतं आणि मागून चालत जाता येतं. फोटो काढा, पण नंतर पाठ फिरवून समोर बघा. समोर सपाट कुरण, मेंढ्या, आणि खूप लांब समुद्राची रेघ. आणि हा उभा कडा? हा जुना समुद्रकिनारा आहे. हिमयुग संपल्यानंतरच्या काळात समुद्राच्या लाटा ह्याच कड्यावर आपटत होत्या. पुढचा स्कोगाफॉस धबधबाही त्याच कड्यावरून पडतो आणि तिथून समुद्र आता पाचेक किलोमीटर लांब आहे. बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन वर उचलली गेली हे एक कारण. पण मधली ती सगळी सपाटी भरून काढली ती वरच्या हिमनद्यांखालून आलेल्या गाळानं. तो गाळ कुठून आला, ते पुढे येतंच.

स्कोगाफॉसला बस चाळीस मिनिटं थांबते. बहुतेक लोक पाचशेच्या वर पायऱ्या चढून धबधब्याच्या माथ्यावर जातात. मी सौ.ला वर पाठवलं आणि स्वतः जवळच्या म्युझियममधे घुसलो. ते म्युझियम १९४९ मधे सुरू झालं, थोर्दुर टोमासोन ह्या एका माणसाच्या नादामुळे. ह्यानं वयाच्या चौदाव्या वर्षापासून आसपासच्या शेतांवरून जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. लोक जे फेकून देणार होते ते हा मागून आणायचा: लोकरीचे कंगवे, खोगिरं, लाकडी पेट्या, माशांचे गळ. नव्वदी उलटल्यावरही तो म्युझियममधे काम करत होता. जानेवारी २०२२ मधे, वयाची शंभरी ओलांडून गेला. आपल्याकडे पुण्यात केळकरांनी जे केलं त्याच जातीचं हे वेड.

म्युझियममधली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे एक होडी. आठ वल्ह्यांची, १८५५ मधे बांधलेली, नाव पेतुर्सए. ह्या होडीला बंदर नव्हतं. पश्चिमेच्या आइराबाक्कीपासून पूर्वेच्या होप्नपर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटर किनारा, आणि त्यात एक नैसर्गिक बंदर नाही. सगळी पुळण. लांबून सरळ येणाऱ्या अटलांटिकच्या लाटा थेट वाळूवर फुटतात. तेव्हा होडी हातानं ओढत पाण्यापर्यंत न्यायची आणि थांबायचं. तांडेल (आपल्या कोकणातला शब्द वापरतो, काम तेच) लाटा बघत उभा राहायचा. मोठ्या लाटा एकामागोमाग येतात, मग थोडी उसंत मिळते. त्या उसंतीला आइसलँडिकमधे 'लाग' म्हणतात. लाग आला की तांडेल ओरडणार, आणि सगळे एकदम होडी ढकलून आत उड्या मारणार. परत येताना तोच प्रकार, फक्त आता माणसं दमलेली आणि होडी माशांनी जड. अंदाज चुकला की संपलं. एका होडीबरोबर आसपासच्या चार-पाच शेतांवरचे कर्ते पुरुष एका सकाळीत जायचे. मासेमारीचा हंगाम हिवाळ्याच्या शेवटी, म्हणजे पाण्याचं तापमान काय असेल ते तुम्हीच ठरवा.

त्याच म्युझियममधे एक कडं आहे. गोष्ट अशी, की थ्रासी नावाच्या पहिल्या वसाहतवाल्यानं सोन्यानं भरलेली पेटी स्कोगाफॉसच्या मागे लपवली. पुढे काही पोरांनी तिला दोर बांधून ओढलं, तर नुसतं कडं हातात आलं. तेच हे, चर्चच्या दारावर बरीच वर्षं होतं म्हणे. सोन्याचं सोडा, पण हा थ्रासी पुन्हा भेटणार आहे.

पुढचा थांबा सोल्हेमायोकुल, म्हणजे मिर्दाल्सयोकुल ह्या मोठ्या हिमटोपीची एक जीभ. पांढरीशुभ्र वगैरे काही नाही, राखेनं काळी पडलेली. पार्किंगपासून बरंच चालावं लागतं, आणि दर वर्षी थोडं जास्त. २०१० पासून जवळच्या क्वोल्सव्होत्लुर गावातल्या शाळेची मुलं दर शरद ऋतूत येऊन हिमनदी किती मागे गेली ते मोजतात. शेकडो मीटर गेली आहे, आणि जिथे आधीच्या मुलांनी बर्फाला हात लावला तिथे आता तळं आहे. मोजायला नंतरच्या मुलांना होडी लागली.

ह्या हिमनदीतून जी नदी निघते तिला गंधकाचा वास येतो. जुनं टोपणनाव 'फूलीलायकुर', म्हणजे घाणेरडा ओढा. कारण हिमटोपीखाली कात्ला नावाचा ज्वालामुखी आहे. वर काही ठिकाणी सातशे मीटर जाड बर्फ, खाली उष्णता. पाणी साठत राहतं, आणि कधीतरी बर्फ उचलून एकदम बाहेर पडतं. ह्या पुराला आइसलँडिकमधे 'योकुल्हलॉप' असा शब्द आहे आणि जगभरचे भूगर्भवाले तोच वापरतात. मराठीत शब्द नाही, सुदैवानं गरजही नाही.

आता गोष्ट. 'लान्दनामाबोक' म्हणजे आइसलँडच्या वसाहतीची जुनी नोंदवही. कोण कुठे उतरला, कुणी कुठली जमीन घेतली ह्याची. तिच्यात आहे की नदीच्या एका बाजूला सोल्हेमारला लोदमुंदुर राहायचा आणि दुसऱ्या बाजूला स्कोगारला आपला थ्रासी. दोघेही म्हातारे, दोघेही जादूटोणा जाणणारे. एका सकाळी लोदमुंदुरचा गुलाम सांगत आला की समुद्र जमिनीवर चढून येतोय. लोदमुंदुर आंधळा. त्यानं भांड्यात पाणी आणायला लावलं आणि सांगितलं की हे समुद्राचं पाणी नाही. मग त्यानं मंत्रानं पूर शेजाऱ्याकडे वळवला. थ्रासीनं बघितलं आणि परत ह्याच्याकडे वळवला. असं बरंच झाल्यावर दोघांनी तडजोड केली: नदीनं समुद्राकडे सगळ्यात जवळच्या वाटेनं जावं. ह्या भांडणातून नदीच्या दोन्ही बाजूंचे वाळूचे पट्टे तयार झाले आणि नदी सीमा ठरली. आजही ती जिल्ह्यांची जुनी सीमा आहे.

मला ही गोष्ट बेहद्द आवडली. जादू वजा करा, उरतो तो योकुल्हलॉपच्या फार जुन्या वर्णनांपैकी एक, आणि एक पाणीवाटप लवाद! तोही दोन्ही पक्षांना मान्य झालेला. कृष्णा खोऱ्यातल्या राज्यांनी ह्या दोन म्हाताऱ्यांकडे शिष्टमंडळ पाठवायला हरकत नाही. असो.

कात्लानं बर्फ फोडून बाहेर येण्याची शेवटची वेळ म्हणजे १९१८. आइसलँडसाठी ते वर्षच विलक्षण. जानेवारीत इतकी थंडी पडली की त्या हिवाळ्याला इतिहासात वेगळं नाव आहे. १२ ऑक्टोबरला कात्ला फुटला. तो अजून धगधगत असतानाच रेकयाविकमधे जहाजातून स्पॅनिश फ्लू उतरला. आणि १ डिसेंबरला देश सार्वभौम झाला, डेन्मार्कचा राजा तेवढा सामायिक.

१२ ऑक्टोबरला कात्लाच्या पूर्वेला आल्फ्ताव्हेर भागातले शेतकरी मेंढ्या गोळा करायला बाहेर पडले होते. मागून गडगडाट, आणि घरांएवढे बर्फाचे ठोकळे घेऊन येणारं काळं पाणी. माणसं घोडे फेकत सुटली, काहींच्या पाठोपाठच पूर आला. मेंढ्या, घोडे गेले, पण एकही माणूस मेला नाही. पुराचा कमाल वेग सेकंदाला तीन लाख घनमीटरच्या घरात असावा असा अंदाज आहे. अॅमेझॉन नदीचा सरासरी प्रवाह ह्यापेक्षा कमी आहे. आणि त्यानं इतका गाळ आणून टाकला, की किनारा पाचेक किलोमीटर समुद्रात सरकला. आइसलँडचं दक्षिण टोक रातोरात बदललं. आधी ते दिरहोलाए होतं, आता कोत्लुतांगी, म्हणजे 'कात्लाचं टोक'. समुद्र तेव्हापासून ते कुरतडतोय. मुंबईत भराव घालायला दीडशे वर्षं गेली, इथे एका दुपारीत काम झालं!

तर काळी वाळू येते ती अशी. आणि वाळू येत राहते म्हणून बंदर होत नाही. २०१० मधे ह्या किनाऱ्यावर लान्देयाहोप्न नावाचं कृत्रिम बंदर उघडलं, वेस्टमान बेटांच्या फेरीसाठी. त्याच वर्षी आयाफ्यातलायोकुल फुटला (तोच, ज्यानं युरोपातली विमानं आठवडाभर जमिनीवर बसवली), नदीनं राख-गाळ आणून ओतला आणि नवंकोरं बंदर वारंवार बंद ठेवावं लागलं. प्रॉडक्शनला गेल्या गेल्या सिस्टिम डाउन.

रेनिसफ्यारा ह्या प्रसिद्ध काळ्या किनाऱ्याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय. बसाल्टचे ते षटकोनी खांब आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे नातेवाईक, पण सह्याद्रीचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आणि हे त्याच्यापुढे अगदी तान्हं बाळ. लाटेबद्दल मात्र लिहायलाच हवं. इथून दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत मधे जमीन नाही, आणि समुद्रतळ किनाऱ्यापाशीच झपकन खोल होतो. त्यामुळे चार लाटा शहाण्यासारख्या येतात आणि पाचवी माणसाला उचलून नेते. २०२२ मधे दिवे बसवले, लाल लागला की पुढे जायचं नाही. तरी ऑगस्ट २०२५ मधे एक लहान मुलगी गेली. जुने तांडेल जो लाग बघत उभे राहायचे त्याचंच हे उलट टोक. ते त्या समुद्राकडे पाठ करून कधी उभे राहिले नसते. फोटोसाठी आपण नेमकं तेच करतो.

शेवटी विक. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत इथल्या शेतकऱ्याला लोकर विकून धान्य, लोखंड आणायचं तर आइराबाक्कीपर्यंत घोड्यावरून जावं लागे, सगळ्या नद्या पूल नसताना ओलांडत. मग विकमधे दुकानं आली, पण बंदर नाहीच. जहाज समुद्रात उभं राहायचं आणि माल लाटांतून होड्यांनी यायचा. त्या मालवाहू जहाजांपैकी एक, 'स्काफ्तफेत्लिंगुर', १९१८ मधेच आलं. छोटंसं लाकडी जहाज. ऑगस्ट १९४२ मधे ब्रिटनला मासे नेताना त्याला एक जखमी जर्मन पाणबुडी दिसली आणि त्यानं तिच्यावरच्या बावन्न जणांना वाचवलं. जहाजावरचे लोक दहासुद्धा नव्हते! ते जहाज आता विकमधे एका शेडमधे ठेवलंय. आमच्या बसमधलं कोणी बघायला गेलं नाही. सगळे लोकरीच्या स्वेटरच्या दुकानात.

देशाला फेरी मारणारा रस्ता पुरा झाला १९७४ मधे, वसाहतीच्या अकराशेव्या वर्षी. तोही पुरा म्हणजे किती पुरा? जुलै २०११ मधे कात्लाखालून आलेल्या पुरानं विकच्या पूर्वेचा मुलाक्विस्ल नदीवरचा पूल वाहून नेला. तात्पुरता पूल होईपर्यंत उंच चाकांच्या गाड्यांनी लोकांना नदीतून पलीकडे सोडत होते. त्यात पर्यटकांनी भरलेली एक बस पाण्यात कलंडली. लोक खिडक्यांतून टपावर चढले आणि सगळे वाचले. नवा पूल आठवड्यात उभा राहिला. जुलै २०२४ मधे पुन्हा पूर, रस्ता पुन्हा बंद.

विकचं चर्च टेकडीवर आहे, १९३४ चं, लाल छपराचं, पोस्टकार्डावर असतं तेच. गावाच्या आपत्ती-योजनेत ते जमायचं ठिकाण आहे. कात्ला साधारण चाळीस ते ऐंशी वर्षांनी फुटत आलाय आणि १९१८ ला आता शंभराहून जास्त वर्षं झाली. २००६ मधे सगळ्या भागाची रंगीत तालीम झाली, नंतरही झाल्यात. पण आता गावात निम्म्याहून जास्त लोक परदेशी नागरिक, हॉटेलांत काम करायला आलेले, आणि रोज हजारोंनी येणारे आमच्यासारखे वेगळेच. १९१८ चा पूर आजीकडून ऐकलेला माणूस त्या गर्दीत शोधावा लागेल.

बसमधून उतरताना गाईडनं एकदाच, आणि गंभीर होऊन सांगितलं: मोबाईलवर धोक्याचा मेसेज आला तर बसकडे येऊ नका, सामान घेऊ नका, सरळ चर्चकडे चढा. मागच्या सीटवरच्या काकूंनी विचारलं, "आणि आला नाही तर?" तो म्हणाला, "तर सव्वाचारला बस सुटेल."