विंचूदंशातील ईसीजी

लाल विंचवाच्या विषाने हृदयाच्या विद्युत् क्रियेत होणारे बदल टिपणारा आलेख. महाराष्ट्रात गंभीर विंचूदंश मुख्यतः याच जातीमुळे होतो. शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस; जुन्या लेखनात मेसोबुथस टॅम्युलस. आकाराने मोठी काळी इंगळी सहसा वेदनेवर भागवते.

कारण : विषातील प्रथिने मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होऊ देत नाहीत, त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्था अनावर चेतते. आधी ओकाऱ्या, दरदरून घाम आणि मंद नाडी. मग रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, नाडी धावू लागते. काहींच्या फुप्फुसांत पाणी साचते.

वाचन : कागद सेकंदाला 25 मिमी सरकतो, लहान चौकोन 0.04 सेकंदाचा, मोठा 0.20 सेकंदाचा. लागोपाठच्या दोन ‘आर’ टोकांमध्ये जितके मोठे चौकोन, तितक्यांनी 300 ला भागले की मिनिटाचे ठोके मिळतात. ताल अनियमित असेल तर ही रीत फसवी ठरते. लहान मुलांचे ठोके मुळातच जलद असल्याने मोठ्यांची मोजपट्टी त्यांना लावू नये.

आढळणारे बदल : जलद किंवा मंद नाडी, टोकदार उंच ‘टी’ लहर, एसटी रेषेचा चढउतार, जवनिकांतून सुटणारे अवेळी ठोके, क्वचित विद्युत् वहनात अडथळा. टोकदार ‘टी’ रक्तातील पोटॅशियम वाढल्यावरही दिसते आणि चढलेली एसटी रेषा हृदयविकाराच्या झटक्यासारखी भासते. म्हणून दंश होऊन किती वेळ झाला हे पट्टीवर लिहिणे आवश्यक. पहिली पट्टी निर्दोष आली तरी धोका टळत नाही. गार हातपाय आणि ओकाऱ्या हीच अधिक भरवशाची पूर्वसूचना.

अभ्यास : दंशानंतर फुप्फुसांत पाणी साचल्याचे रुग्ण मुंडले यांनी 1961 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदविले. जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात बिरवाडी व महाड येथे रुग्ण पाहिले. हृदयविषयक पूर्वलक्षणांवरील त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.



उपचार : प्राझोसिन, किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, तोंडावाटे. पट्टीवर मंद नाडी दिसली म्हणून ॲट्रोपिन देण्याचा मोह होतो. त्याने पुढची उसळी वाढते, असे बावस्करांचे मत. प्रतिविषाच्या उपयोगाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाड येथील 70 रुग्णांच्या चाचणीत एकट्या प्राझोसिनपेक्षा प्रतिविष व प्राझोसिन एकत्र दिलेले रुग्ण लवकर बरे झाले.