गळ, बांगडा आणि कासव

इंदापूर-बारामतीकडच्या माणसाने समुद्री कासवांवर बोलावं, हे जरा गमतीचंच. आपल्याकडे मोठं पाणी म्हणजे उजनी, आणि मासळी म्हणजे भिगवणच्या बाजारातली चिलापी. पण संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा हे या इतिहासातून फार छान कळतं, म्हणून सांगतो.

लाँगलाइन म्हणजे कित्येक किलोमीटर लांब दोरी आणि तिला आमिष लावलेले शेकडो गळ. ते असतात ट्यूना आणि तलवार माशासाठी, पण त्यांत कासवंही अडकतात. याच कारणाने अटलांटिकमधला ग्रँड बँक्सचा पट्टा 2001 मध्ये अमेरिकन लाँगलाइन बोटींना बंद झाला. कासवं वाचली, विषय संपला? नाही. इतर देशांच्या बोटींना ही बंदी लागू नव्हती.

मग 2001 ते 2003 या काळात शास्त्रज्ञांनी त्याच बंद पट्ट्यात, मच्छीमारांच्याच बोटींवर प्रयोग केले. जुना गळ इंग्रजी 'जे' अक्षरासारखा. कासव तो गिळतं आणि तो घशात किंवा पोटात रुततो. नवा गळ गोलसर, टोक आत वळलेलं, आकाराने मोठा. आमिषही बदललं. माकूल चिवट, कासव ते अख्खं गिळतं. बांगड्याच्या जातीतला मासा मात्र लचके तोडून खातं. मोठा गोल गळ आणि हे आमिष एकत्र वापरल्यावर लॉगरहेड कासवं अडकण्याचं प्रमाण सुमारे 90 टक्क्यांनी आणि लेदरबॅकचं सुमारे 65 टक्क्यांनी घटलं.

पण माझ्या मते खरी हुशारी पुढे आहे. त्यांनी मासेही मोजले. या आमिषाला तलवार मासा उलट जास्त लागला! 2004 मध्ये हा पट्टा नव्या गळांच्या अटीवर पुन्हा खुला झाला. नुसती कासवं मोजली असती तर मच्छीमाराने का ऐकावं?

आता आपल्या किनाऱ्याकडे या. इथे मुख्य अडचण जाळ्यांची. 2018 मध्ये महाराष्ट्र शासनाने योजना आणली: संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई, पुरावा म्हणून फोटो. कासव सोडण्याचा खर्च एकट्या मच्छीमाराने सोसू नये, हे इथे मान्य झालं.

तुम्ही या योजनेचे दाखले अभ्यासायला घेतलेत तर एक सांभाळा. ते भरपाई मागणाऱ्यांचे दाखले आहेत, अडकलेल्या सगळ्या कासवांचे नाहीत. ज्याने फोटो काढला नाही, किंवा ज्याच्या जाळ्यात कासव आधीच मेलं होतं, तो त्यात सापडणार नाही. एखाद्या बंदराचे दाखले वाढले म्हणजे तिथे कासवं जास्त अडकली, की योजनेची माहिती जास्त पोचली? कागद तेवढं सांगत नाही. त्यासाठी बंदरावर जाऊन बसावं लागतं.

सराव हवाय? सुट्टीत भिगवणला जा आणि जाळेवाल्याला एवढंच विचारा, "दादा, जाळं फाटलं तर तुमचे किती दिवस जातात?"