पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर

बुधवार, ७ ऑक्टोबर १९०८. तू तेरा वर्षांचा आहेस, तुझं नाव जॉर्ज आर्चर-शी, आणि अंगावर आरमाराचा निळा गणवेश आहे. आइल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बर्न नेव्हल कॉलेजातून दुपारी रीतसर परवानगी काढून तू पोस्टाकडे निघाला आहेस. साडेपंधरा शिलिंगांची पोस्टल ऑर्डर घ्यायची आणि खेळण्यातली आगगाडी मागवायची, एवढंच काम. "चल की बरोबर," म्हणून एका मित्राला विचारलंस, पण तो कशात तरी अडकला होता. तू एकटाच जातोस, ऑर्डर घेतोस, परत येतोस. असल्या दुपारचा मिनिटामिनिटाचा हिशेब पुढे लंडनच्या हायकोर्टात द्यावा लागेल, हे कोणाच्या ध्यानीमनी असणार?

ज्यांनी कधी नोकरीच्या अर्जाला पोस्टल ऑर्डर जोडली आहे त्यांना हा कागद काय असतो ते समजावून सांगायला नको. तुझ्याबरोबरच्या टेरेन्स बॅक या कॅडेटला त्याच सकाळी टपालाने पाच शिलिंगांची ऑर्डर आली होती. ती त्याने आपल्या सामानात ठेवली, आणि आता ती सापडत नाही. पोस्टात चौकशी होते. खिडकीवर बसणाऱ्या मिस टकर सांगतात की आज दोनच कॅडेट आले होते, आणि ज्याने साडेपंधरा शिलिंगांची ऑर्डर नेली त्यानेच पाच शिलिंगांची वटवली. म्हणजे तू. त्यांना चेहरा मात्र ओळखता येत नाही. एकाच कापडातली, एकाच कापाच्या केसांची पोरं, कोण कुठलं कसं सांगणार! गंमत अशी, की चेहऱ्याबद्दलची त्यांची ही शंका कोणी मनावर घेत नाही. व्यवहारांच्या क्रमाबद्दलची खात्री तेवढी घेतात.

मग तुला बोलावणं येतं. टेबलापलीकडे अधिकारी. पुढ्यात कागद सरकतो: टेरेन्स बॅकचं नाव लिहून दाखव. तू लिहितोस, मधल्या आद्याक्षरासकट. वटवलेल्या ऑर्डरवरची सहीसुद्धा तशीच आहे.

इथे मला तुझा हात धरावासा वाटतो. अमेरिकेत पोलीस एक्सप्लोरर म्हणून गस्तीच्या गाडीत बसणारी चौदा ते वीस वर्षांची मुलं असोत, की आपल्याकडची स्टुडंट पोलीस कॅडेट असोत (ही योजना केरळात २०१० साली सुरू झाली, २०१८ पासून देशभर नेली, आणि ती आठवी-नववीतल्या, म्हणजे तुझ्याच वयाच्या मुलांसाठी आहे), आरोप आला की सगळ्यांची गत या खोलीतल्यासारखीच होते. ज्याला सॅल्यूट ठोकायचा, ज्याचं शिफारसपत्र हवं, तोच चौकशी करणार. त्याला "साहेब, आई-बाबा आल्यावर लिहितो" असं म्हणणं उद्धटपणा वाटतो. तो उद्धटपणा नाही. तक्रार नेमकी काय आहे, कोणत्या दिवसाची, किती वाजताची, ते लेखी द्या एवढं शांतपणे मागायचं आणि तोवर नमुन्याची सही, कबुली, माफी यांतलं काही लिहून द्यायचं नाही. पण तुला हे सांगणारं कोणी नाही. मीही शंभराहून जास्त वर्षं उशिरा पोचलोय.

तो कागद टॉमस गरिन नावाच्या हस्ताक्षरतज्ज्ञाकडे जातो. दोन्ही अक्षरं एकाच हातची, असं ते छातीठोक सांगतात. याच गरिनसाहेबांनी १८९६ साली अ‍ॅडॉल्फ बेक या माणसाच्या खटल्यात अशीच खात्री दिली होती. बेकने त्यापायी कित्येक वर्षं तुरुंगात काढली, १९०४ साली तो निर्दोष ठरला, आणि त्या प्रकरणाच्या गवगव्यातून १९०७ साली इंग्लंडात फौजदारी अपील न्यायालय उभं राहिलं. एवढं होऊनही पुढच्याच वर्षी ॲडमिरल्टी, म्हणजे आरमाराचं खातं, त्याच माणसाकडे अक्षर पाठवते. तज्ज्ञाची चूक सिद्ध झाली तरी त्याची पाटी उतरत नाही, हा अनुभव काही फक्त इंग्लंडचा नाही.

ब्रिस्टलमध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या शाखेचा कारभार पाहणाऱ्या तुझ्या वडिलांना पत्र जातं. भाषा सभ्य आहे: मुलाने चोरी केली हे सिद्ध झालं आहे, तरी त्याला कॉलेजातून घेऊन जावं. दंगा नाही, पोलीस नाही, बातमी नाही. पुष्कळ घरांत अशा पत्रानंतर मुलाला गुपचूप दुसरीकडे घालतात आणि त्या गावचं नाव काढत नाहीत. तुझे वडील उलट टपाली कळवतात की मुलगा दोषी आहे यावर मी कदापि विश्वास ठेवणार नाही, त्रयस्थ तज्ज्ञांकडून याची छाननी होईल. ते स्वतः ऑस्बर्नला येतात. तुझा सावत्र भाऊ, लष्करात मेजर असलेला, तोही धावपळ सुरू करतो.

आणि तू? तू तुझ्या जुन्या शाळेत, जेझुइटांच्या स्टोनीहर्स्टला परत जातोस. तिथले पाद्री तुला पुन्हा घेतात. या प्रकरणात वकिलांचं नाव गाजलं, मला मात्र त्या शाळेचं कौतुक जास्त वाटतं. आरोपाखालच्या मुलाला घरी बसवलं की ते दिवसभर त्याच एका दुपारभोवती घिरट्या घालतं. त्याला वर्ग हवा, मैदान हवं, गणिताचा गृहपाठ न केल्याबद्दल ओरडणारं कोणीतरी हवं.

आता लंडन. समोर बसलेत बॅरिस्टर सर एडवर्ड कार्सन, ज्यांच्या उलटतपासणीत १८९५ साली लेखक ऑस्कर वाइल्ड सापडला होता. खटला घेण्याआधी ते तुलाच तपासतात. तासन्‌तास. किती वाजता परवानगी मागितलीस? पैसे कोणाकडून घेतलेस? कोणत्या वाटेने गेलास? तेच प्रश्न फिरवून, मागून, आडून. तुझ्या बाजूचा म्हणवणारा माणूस तुला चोरासारखा का पिळतोय, म्हणून तुझा घसा दाटून येतो. येऊ दे. "तू असं करूच शकत नाहीस" म्हणणारी माणसं लागतात, पण ती घरी. इथे लागतो तो तुझ्या सांगण्यातली प्रत्येक फट तुझ्या विरोधकाआधी शोधणारा माणूस. कार्सनना फट सापडत नाही, आणि ते खटला घेतात.

पण खटला चालवायचा कुठे? तू सैनिक नाहीस, म्हणून कोर्ट-मार्शल मागता येत नाही. चोरीचा गुन्हा कोणी दाखल केलेला नाही, म्हणून फौजदारी कोर्टात निर्दोष सुटताही येत नाही. कॅडेट हा असा मधल्या मध्ये लटकलेला प्राणी. १९०९ साल चौकशीच्या मागणीत जातं. ॲडमिरल्टी आपल्या पद्धतीने पुन्हा चौकशी करते आणि पुन्हा तेच म्हणते. शेवटी उरतो जुना मार्ग, पिटिशन ऑफ राइट: राजाविरुद्ध दावा लावायला राजाचीच परवानगी मागायची. ती मिळते. लगेच सरकार पक्ष म्हणतो की राजा आपल्या सेवेतून कोणालाही केव्हाही काढू शकतो, त्यामुळे खरं-खोटं बघायचं कारणच नाही. १२ जुलै १९१० रोजी न्यायाधीश हे मान्य करतात. सहा दिवसांनी अपील न्यायालय ते फिरवतं: आधी हकीकत ऐका, कायद्याचं मग पाहू.

मंगळवार, २६ जुलै. समोर ज्यूरी. सरकारकडून उभे आहेत सॉलिसिटर-जनरल सर रुफस आयझॅक्स. आपल्या लोकांना हे पुढे लॉर्ड रीडिंग म्हणून माहीत होणार आहेत, १९२१ ते २६ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. पिंजऱ्यात उभा राहून तू त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतोस. तू पंधरा वर्षांचा झाला आहेस. उत्तरं तीच आहेत जी तेराव्या वर्षी दिली होतीस.

मग कार्सन मिस टकरना प्रश्न विचारतात, आणि मला वाटतं हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत सभ्य भाग आहे. बाई खोटं बोलते असं ते एकदाही सुचवत नाहीत. पोस्टात तुम्ही एकट्या होतात का? मधे उठावं लागत असे का? तारा, टेलिफोन, आतलं काम? हो, लागत असे. मग एकदा उठून परत आल्यावर खिडकीशी उभा असलेला कॅडेट आधीचाच होता, हे कशावरून? सगळ्यांचे गणवेश सारखे, हे तर त्या पहिल्यापासून सांगत होत्या. दोन वर्षं जी खात्री कागदोपत्री भक्कम दिसत होती तिच्यात एवढं मोठं भोक होतं, आणि ते पाहायला त्या पोस्टात काम कसं चालतं एवढंच विचारायला हवं होतं. कोणी विचारलं नव्हतं. आरोप करणारा खोटारडा असलाच पाहिजे असं नाही. ज्याच्यावर बालंट येतं त्याला हे गिळणं फार जड जातं, कारण राग धरायला समोर एक चेहरा लागतो.

शुक्रवार, २९ जुलै, चौथा दिवस. आयझॅक्स उठतात आणि जाहीर करतात: ती ऑर्डर या मुलाने वटवली नाही, सही त्याने केली नाही, तो निर्दोष आहे हे ॲडमिरल्टीला मान्य आहे. ज्यूरीतली माणसं उठून कार्सनशी आणि तुझ्या वडिलांशी हात मिळवतात. तू त्या क्षणी कोर्टात नाहीस. आदल्या रात्री नाटकाला गेला होतास म्हणे, आणि सकाळी उशिरापर्यंत झोपून राहिलास. काळजी वाटली नाही का असं कार्सननी विचारल्यावर, एकदा कोर्टात आल्यावर मला कधीच शंका नव्हती, असं उत्तर तू दिल्याचं सांगतात. मला हे खरं वाटतं. तुझी झोप आरोपाने उडाली असेल त्याहून जास्त, कोणी ऐकूनच घेत नाही याने उडाली असणार.

ती ऑर्डर कोणी वटवली हे मात्र कधीच कळलं नाही. आणि भरपाईसाठी पार्लमेंटात आणखी वर्षभर भांडावं लागलं. १९११ साली ७,१२० पौंड मिळाले; त्यातले ४,१२० खटल्याच्या खर्चाचे. पाच शिलिंग म्हणजे पाव पौंड, हिशेब ज्याचा त्याने करावा. आरमारात मात्र तू परतला नाहीस. तुझी तुकडी १९१० सालीच ऑस्बर्न संपवून पुढच्या शिक्षणासाठी डार्टमथला गेली होती. महायुद्ध लागलं तेव्हा तू अमेरिकेहून परत आलास आणि पायदळातून लढायला गेलास.