दारापर्यंतचा एक तास

छातीत कळ आली की आपल्याकडे आधी ओवा चावतात, मग सोडा घेतात आणि ‘पित्त झालं असेल, सकाळी बघू’ म्हणून आडवे होतात. माझे एक काका असेच आडवे झाले. सकाळ त्यांनी पाहिली नाही. कुठल्याही इस्पितळाच्या नोंदवहीत त्यांचं नाव लागलं नाही. आकड्यांवर पोट भरणाऱ्या मला हे फार उशिरा उमगलं, की इस्पितळातले मृत्यू मोजताना काकांसारखी माणसं मोजलीच जात नाहीत.

बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमधल्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी ही मेख १९६० च्या दशकातच ओळखली होती. त्या दशकाच्या सुरुवातीला हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या दर शंभरांतले तीसएक रुग्ण इस्पितळातच दगावत. १९६१ मध्ये डॉ. डेस्मंड ज्युलियन यांनी अशा रुग्णांना एकत्र ठेवून त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांवर सतत नजर ठेवावी, अशी कल्पना मांडली. ठिकठिकाणी तसे कक्ष निघाले आणि काही वर्षांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं.

साहजिकच सगळे खूश झाले. पँट्रिज मात्र अस्वस्थ होते. १९६३ च्या एका अमेरिकन अभ्यासानुसार तरुण व मध्यमवयीन पुरुषांचे निम्म्याहून अधिक मृत्यू झटक्यानंतर पहिल्या तासातच होत होते, म्हणजे बहुतेकदा रुग्ण इस्पितळात पोहोचण्याआधीच. हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहतं. वेळीच विजेचा झटका दिला तर ते पुन्हा चालू होऊ शकतं. पण ते यंत्र होतं इस्पितळात आणि रुग्ण घरी!

मग पँट्रिज यांनी यंत्रच घरी न्यायचं ठरवलं. १९६५ मध्ये मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा, सुमारे ७० किलो वजनाचा डिफिब्रिलेटर तयार झाला आणि १९६६ मध्ये तो घेऊन डॉक्टरांसह अँब्युलन्स बेलफास्टच्या रस्त्यांवर धावू लागली. १९६७ मध्ये त्यांनी आणि डॉ. जॉन गेडिस यांनी हा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेने ही कल्पना चटकन उचलली. ब्रिटनला मात्र बराच वेळ लागला.

पुढे औषधंही आली. १९८८ मध्ये सतरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत, झटक्यानंतर २४ तासांच्या आत अ‍ॅस्पिरिन आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही दिल्यास पाच आठवड्यांतले मृत्यू ४२ टक्क्यांनी घटतात, असं दिसलं. पण या औषधांसाठीही माणूस वेळेत हाती लागावा लागतो.

आपल्यासाठी हे अधिकच महत्त्वाचं आहे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या, भारतीय उपखंडात जन्मलेल्या लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त असल्याचं १९८० च्या दशकातच लक्षात आलं होतं.

तेव्हा मंडळी, ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ हा आपला संकोच बाजूला ठेवा. ९९९ फिरवा. पित्त निघालं तर हसत घरी या!