सुरांची जमाबंदी

बोईसरजवळच्या बेटेगावात काय किंवा पालघर-तारापूरकडच्या कुठल्याही गावात काय, भजनाला पेटी लागतेच. आणि त्या पेटीवर षड्ज, त्याचा गंधार व त्या गंधाराचाही गंधार अशा तीन पट्ट्या एकदम दाबून वर कोमल निषादाची चौथी ठेवली, तर युरोपीय वादक ज्यास पंचम चढवलेली सप्तम कॉर्ड म्हणतात तो स्वरसमूह उभा राहतो, आणि कान देऊन ऐकणाऱ्यास त्यात एक बारीक थरथर जाणवते. हा दोष वादकाच्या हाताचा नव्हे. पेटीच्या घडणीचाच आहे.

हिशेब असा. षड्जाची कंपने सेकंदास 240 धरली, तर तंबोऱ्याच्या तारेतून आपसूक उमटणारा गंधार 300 कंपनांचा, त्याचा गंधार 375 चा. आणखी एक गंधार चढले तर मजल 468.75 पर्यंतच जाते, आणि तार षड्ज तर 480 वर बसलेला! ही सव्वाअकरा कंपनांची तूट कोणाच्या तरी खाती घालणे भागच असते. पेटीने ती तिन्ही मजलांवर सारखी वाटली. परिणामी 300 चा गंधार सुमारे 302.4 झाला, 375 च्या जागी सुमारे 381 आले, आणि 384 चा जो कोमल धैवत, त्याचीही नोंद त्याच पट्टीवर झाली. दोन कुळे, सातबारा एकच.

या तंट्याची फेरमोजणी आपल्याकडे मुलकी खात्यातल्या माणसाने आरंभावी, याची मला मोठी मौज वाटते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे पेन्शनर डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेच्या लांबीवरून मोजून त्यांनी बावीस श्रुतींवरचे आपले इंग्रजी पुस्तक 1910 मध्ये पुण्यास प्रसिद्ध केले. त्यांचे सहकारी ई. क्लेमेंट्स हे सनदी नोकर आणि न्यायाधीश. त्यांचा ग्रंथ 1913 चा. बारांहून अधिक सूर देणारी श्रुतिपेटी लंडनमध्ये घडवून आणली गेली, आणि 1916 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास भरलेल्या संगीतपरिषदेत ती विद्वानांपुढे मांडली गेली. तिथे भातखंडे होते, मोठे गवई होते. फिर्याद मंजूर झाली नाही. मला तो निवाडा योग्यच वाटतो, कारण दरबारीचा आंदोलित गंधार कोणत्याही एका पट्टीवर मुक्कामास राहत नाही. पण देवलांचे गणित चुकले होते, असे मात्र त्यावरून ठरत नाही. पुढे 1940 च्या मार्चमध्ये नभोवाणीने पेटीलाच साथीतून हद्दपार केले, आणि ती बंदी कैक वर्षे टिकली.

तरी पेटी दुरुस्त करणारा कारागीर ही मोजणी रोज करीतच असतो. सूर चढवायचा तर पितळी पत्तीचे मोकळे टोक तो कानशीने अलगद घासतो, उतरवायचा तर बूड; आणि गवयाच्या सांगण्यावरून पांढरी एकचा गंधार तंबोऱ्याशी जुळेतो त्याने उतरवून दिला, की दुसऱ्या दिवशी कुणी काळी चारमधून गाऊ लागताच तीच पट्टी कोमल धैवताच्या जागी येऊन फारच खाली बोलू लागते, आणि पेटी पुन्हा त्याच्या दुकानी येते.