सही घेतली, सांगितलं काहीच नाही

फौजेत भरती झालो तेव्हा लस घेणं म्हणजे बाही वर करून रांगेत पुढे सरकणं. सुई कसली, त्रास काय होईल, हे विचारायची पद्धतच नव्हती. रात्री दंड सुजायचा, अंग तापायचं, आणि सकाळी परेड असायचीच. त्यामुळे लस देण्याआधी माहिती द्यायला लावणारा कायदा असतो हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला ते लाड वाटले. टेक्सासमधल्या एका खटल्यानं माझं मत बदललं.

मे १९७०. मेक्सिकोच्या सरहद्दीजवळचं मिशन नावाचं गाव. तिथल्या सरकारी दवाखान्यात आठ महिन्यांच्या एका मुलीला पोलिओचे थेंब दिले. ही लस जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूची. दोन आठवड्यांच्या आत मुलीला पोलिओ झाला. आईची सही एका फॉर्मवर घेतलेली होती : लसीबद्दल राज्यावर कसलीही जबाबदारी नाही. धोक्याचा त्यात एक शब्द नव्हता. आई सातवीपर्यंत शिकलेली, तिची भाषा स्पॅनिश. आणि चीड येते ती पुढे. कंपनीनं लसीसोबत पाठवलेल्या पत्रकात इशारा छापलेला होता! तो दवाखान्यापर्यंत आला, आईपर्यंत गेला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हुकूम ब्रिगेडकडून कंपनीपर्यंत पोहोचला आणि तिथल्याच टेबलावर पडून राहिला.

लस बनवणाऱ्यांचं म्हणणं, त्या भागात पोलिओची साथच होती, रोग तिकडून आला. ज्युरीला ते पटलं नाही. १९७४ मध्ये ‘रेयेस विरुद्ध वायेथ’ या निकालात अपील न्यायालयानं दोन लाख डॉलरची भरपाई कायम केली. सरसकट लसीकरणात प्रत्येकाचा वेगळा विचार करणारा डॉक्टर मध्ये नसतो. म्हणून इशारा घेणाऱ्यापर्यंत पोहोचेल हे कंपनीनं पाहायला हवं, असा त्याचा आशय.

पुढे दावे वाढले, डांग्या खोकल्याच्या लसीवरून तर फारच. कंपन्या हे उत्पादन सोडू लागल्या. अखेर १४ नोव्हेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली. भरपाईची वेगळी व्यवस्था झाली, आणि बालकांच्या ठरावीक लसी टोचण्याआधी सरकारी माहितीपत्रक हातात देणं बंधनकारक झालं. सुरुवातीच्या पुस्तिका इतक्या लांबलचक, की १९९३ मध्ये कायदा दुरुस्त करून त्या सोप्या कराव्या लागल्या. हा कायदा पालकांची सही मागत नाही. तारीख, उत्पादक, लॉट क्रमांक आणि देणाऱ्याचं नाव यांची नोंद मागतो. म्हणजे लिहून ठेवायचं ते देणाऱ्यानं. मला हे फार आवडलं.

आपल्याकडे जानेवारी २०१९ मध्ये शाळांतल्या गोवर-रुबेला मोहिमेवरून दिल्ली उच्च न्यायालयानं पालकांची संमती हवी आणि जाहिरातीत दुष्परिणामही सांगा, असं बजावलं. नातू तेव्हा तिथेच पहिलीत होता. सुनेचा फोन आला, “बाबा, द्यायची ना लस?”

म्हटलं, “द्यायचीच. पण मागच्या वेळी त्याला पुरळ आलं होतं, ते आधी त्यांना सांग. आणि ते काय सांगतात ते नीट ऐकून घे.”